मावशीची शेपटी

वीरकाकांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि दर्शनाला येणारे जास्त. कुणी तुटलेला पट्टा घेऊन येई, कुणी उसवलेली पिशवी, पण खरं काम असे सोबत आणलेल्या पाहुण्याला कोपराने ढोसून "हेच ते" म्हणण्याचं. दुकानावरची पाटीसुद्धा काकांची नव्हती. काका एके दिवशी जेवायला घरी गेले, तेवढ्यात गल्लीतल्या लोकांनी शिडी आणली आणि 'खोगिरे व चामडी सामान' या जुन्या अक्षरांच्या डोक्यावर त्याहून मोठ्या अक्षरांत 'वीरांचे दुकान' असं रंगवून टाकलं.

"पुसा ते," काका म्हणाले.

"बघा, किती साधा माणूस," लोक म्हणाले, आणि पाटी राहिली.

चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. लढाईत काका खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरावर दारूगोळा न्यायचा आणि जखमी खाली आणायचे, हे त्यांचं काम. एका दुपारी वरचं ठाणं सोडून माघारी यायचा हुकूम झाला. वर तोफांचा मारा चालू, वाटेवर धूरच धूर. त्या धुरात निम्म्या वाटेवरून काका परत वर गेले. मांडीत लोखंड घुसून पडलेल्या आपल्या जोडीदाराला त्यांनी खेचरावर घातलं, आणखी एका शिपायाला खांद्याचा आधार दिला आणि दोघांना खाली आणलं. खाली पोचल्या पोचल्या कुणीतरी फोटो काढला. तो छापून आला. मग पदक, मग एका चौकाला नाव, मग जन्मभर शाळाशाळांतून बक्षिसं वाटणं.

आता खरं काय ते सांगतो. काकांनी ते कधी लपवलंही नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी ते साहेबांपुढे उभे राहून म्हणाले होते, "साहेब, मी नाही वळलो. खेचर वळलं. मी नुसती शेपटी धरली होती." साहेब मोठ्याने हसले, पाठीवर थाप मारली आणि कागदावर लिहिलं, 'स्वभावाने अत्यंत नम्र.' तिथून पुढे काका नाही म्हणाले की तो विनय ठरे, आणि गप्प बसले की त्याहून मोठा विनय. शेवटी त्यांनी नाद सोडला. बोलावणं आलं की जात, मान खाली घालून बसत. त्या खाली घातलेल्या मानेचंही लोक कौतुक करत.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. सोसवत नव्हती ती एकच जण: उंट्याची लेक.

उंट्या म्हणजे तोच जोडीदार. मान लांब आणि चाल संथ, म्हणून तुकडीने खेचरांच्या तांड्यात त्याला उंट करून ठेवला होता. तो वाचला, एका पायाने लंगडत का होईना संसाराला लागला, वीट-वाळू वाहणारी चार खेचरं बाळगली आणि त्याला एक मुलगी झाली. ती चालायला लागल्यापासून दर वाढदिवसाला तिची आई तिला काकांकडे धाडी. दारात उभी राहून ती पढवलेलं वाक्य म्हणे, "काका, तुमच्यामुळे मी आहे." आधी बोबडं म्हणे, मग शाळकरी सुरात, मग मनापासून. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्या घरात वाढदिवस एकच साजरा होई, आणि तो दुसऱ्याच्या लेकीचा.

उंट्या मात्र आत यायचा नाही. तो गल्लीच्या तोंडाशी खेचरं धरून उभा राही. काका दारातून बघत, तो हात वर करी, आणि संपलं. सत्काराला नाही, घरी नाही, इतक्या वर्षांत दोघे एका चटईवर म्हणून बसले नाहीत. काकांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता. त्याला ठाऊक आहे. खेचराला लोंबकळत, डोळे मिटून, रडत येताना त्याने आपल्याला बघितलंय. असल्या वीराच्या घरी कोण येईल? चार वर्षांपूर्वी उंट्या गेला, तेव्हाही काका मागेच उभे होते. लोकांनीच त्यांना हाताला धरून पुढे नेलं.

आणि आता त्या दुपारवर सिनेमा निघाला होता.

काकांनी एकच अट घातली होती. "खोगिरं शिवून देतो. बोलणार नाही." दिग्दर्शकाने मान्य केलं आणि शेवटच्या दिवसासाठी हळूच एक वाक्य शिल्लक ठेवलं. सिनेमाच्या शेवटी काकांनी स्वतः पडद्यावर यायचं आणि म्हणायचं, 'मी परत गेलो, कारण तो माझा मित्र होता.'

"एवढंच तर आहे," त्या सकाळी काकू चहा गाळताना म्हणाल्या. "म्हणून टाका आणि मोकळे व्हा. देवाला ठाऊक आहे ना काय झालं ते."

"देवाला ठाऊक आहे. तिला नाही."

"ती असणार आज?"

"खेचरं तिचीच आहेत की. रोज असते." काका कपाकडे बघत राहिले. "तिच्यासमोर उभं राहून हे वाक्य नाही म्हणवणार माझ्याने. त्याआधी तिला सांगणार आहे."

"आणि मग ती यायची थांबली तर?"

काकांनी आरी आणि मेणाचा दोरा पिशवीत टाकला आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या. काकूंनी ते पाहिलं, पण एरवी केली असती तशी थट्टा केली नाही.

चित्रीकरण गावाबाहेरच्या एका उघड्या टेकडीवर होतं. उंट्याची लेक तिथे पहाटेपासून राबत होती. पस्तिशी ओलांडलेली, बापासारखीच लांब मानेची, आणि बोलणं असं की अख्ख्या युनिटला तिने खेचरांच्या रांगेत बसवलं होतं.

"या काका. तुमचा अवतार तयार होतोय," ती नटाकडे हनुवटी करून म्हणाली. "तिसऱ्यांदा तोंडाला काजळी लावून घेतोय. तुम्ही लढाईत गेला होतात तेव्हा आरसा नेला होतात का?"

"दाढीपुरता."

"मग याच्यापेक्षा बरे दिसत असाल."

नट बिचारा सरळ मनाचा होता. पडद्यावर वीर व्हायचं म्हणून महिनाभर काकांच्या मागे लागला होता, 'त्या क्षणी मनात काय होतं?' काका म्हणत, 'काही नाही', आणि तो ते वहीत टिपून घेई.

काकांनी त्याला दुसरंच काही शिकवलं होतं. तुकडीत एक नियम होता. धुराने, धुक्याने वाट दिसेनाशी झाली की पुढे होऊन लगाम ओढायचा नाही. मागे जाऊन शेपटी धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. माणसाचे डोळे घाबरून चुकतात, खेचराचे पाय चुकत नाहीत. दिग्दर्शकाला हे फार आवडलं. त्याने प्रसंग बसवला तो असा: वीर शेपटी धरून खाली उतरतोय, मधेच थबकतो, डोळे उघडतो, पुढे येऊन लगाम धरतो आणि खेचर वळवून परत वर जातो.

"मिठी मारल्यासारखी धरू नकोस, खेचराला राग येतो," काकांनी नटाला पुन्हा बजावलं. "विहिरीचा दोर धरतात तशी धर. आणि काही झालं तरी सोडायची नाही."

"काही झालं तरी?"

"तुला दिसत नसतं, खेचराला दिसत असतं. सोडलीस की संपलास."

तालीम सुरू झाली. धुराची भांडी पेटली, काकांच्या शेजारी ठेवलेला मोठा पंखा घरघरायला लागला आणि उतार बघता बघता पांढरा झाला. उंट्याची लेक वर, एका खडकामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी बसली होती. खेचर निघालं, मागे नट, डोळे घट्ट मिटलेले.

निम्म्या वाटेवर वारा फिरला. धूर कडेच्या घळीकडे लोटला. खेचर तरणं होतं, धुराला नवखं. खालून काकांना फक्त सावल्या दिसत होत्या. एक सावली थांबली. तिने कान टवकारले. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, ती जागच्या जागी वळली आणि वर चालू लागली. मागे नट होताच, दोराला बांधलेल्या बादलीसारखा.

"अरे, लगाम धर ना," दिग्दर्शक ओरडला. "अजून नाही वळायचं. याला झालंय काय?"

पंख्याच्या आवाजात नटाला ते ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्याने शेपटी सोडली नसती. तो ठेचकाळत, खोकत, तोंडाने देवाचं नाव पुटपुटत थेट खडकापर्यंत गेला. खेचर थांबलं तसे त्याने डोळे उघडले. समोर उंट्याची लेक, हातात पत्र्याचा पिचका डबा.

"पोचलो ना मी खाली?" त्याने विचारलं.

"वर आलायस तू."

सगळी टेकडी हसली. दिग्दर्शकही हसला. काका मात्र होते तिथेच, उलट्या ठेवलेल्या खोगिरावर बसले.

उंट्याची लेक खाली आली ती हसू आवरत. "माझीच चूक. खेचर घळीकडे जातंय असं वाटलं आणि जीव राहिला नाही, वाजवला डबा." मग तिने काकांचा चेहरा पाहिला. "काका? पाणी आणू?"

"बस इथे," काका म्हणाले. "आत्ता झालं ना, तसंच झालं होतं."

"काय?"

"तसंच. मी वळलो नव्हतो. माझं खेचर मेलं होतं, म्हणून तुझ्या बापाची मावशी माझ्या हाती दिली होती. मी तिची शेपटी धरून पळत होतो. रडत होतो. तो मागे राहिलाय हे मला माहीतही नव्हतं. तोफांनी कान गेलेले, डोळे मिटलेले. कधीतरी पायाखालची वाट चढायला लागली, तेव्हा कळलं की मावशी फिरली. का फिरली, तिचं तिला ठाऊक. मला खाली जायचं होतं, पोरी. मी तुझ्या बापासाठी परत गेलो नाही. तू दरवर्षी येऊन म्हणतेस ते..." पुढचं वाक्य त्यांना जुळेना. "ते मावशीला म्हणायला हवं होतंस."

मावशी म्हणजे उंट्याचं खेचर. तुकडीत सगळ्यांत वडीलधारी आणि सगळ्यांत तापट, म्हणून हे नाव.

उंट्याची लेक त्यांच्यासमोर दगडावर टेकली. हातातला डबा तिने मांडीवर घेतला.

"का फिरली हे तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"जनावराची लहर."

"बाबांनी डबा वाजवला होता."

काकांनी मान वर केली.

"हाच. मावशीच्या दाण्याचा. बाबा एका खडकाशी पडले होते, उठता येत नव्हतं, ओरडून घसा बसला होता. हातात येईल असं एवढंच होतं, म्हणून वाजवत राहिले. दोन ठोके, आणि थांबून एक. मावशी कुठूनही येते त्यावर, त्यांना ठाऊक होतं. आली. पण तिच्या मागे तुम्ही होतात." तिने डब्याच्या पोचावरून अंगठा फिरवला. "बाबा म्हणायचे, तो जिवंत खाली पोचला होता जवळजवळ. मी माझ्या जिवासाठी त्याला मरणाच्या तोंडात परत ओढला. आणि माझी मावशी त्यात गेली. मी कुठल्या तोंडाने त्याच्या घरात जाऊन बसू?"

मावशीला लोखंडाचे तुकडे लागले होते. दोघांना खाली पोचवून ती त्याच संध्याकाळी पडली होती. तिच्या गळ्यात हात टाकून उंट्या रडला होता, हे काकांना आठवत होतं. इतकी वर्षं त्यांना वाटलं होतं, तो नुसता खेचरासाठी रडतोय.

"म्हणून तो कोपऱ्यावर उभा राहायचा?"

"मला आत पाठवायचे आणि बाहेर आल्यावर विचारायचे, काय करत होता? हसला का? मी म्हणायचे, बाबा, चला ना तुम्ही. तर म्हणायचे, पुढच्या वर्षी." ती थांबली. "हे तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. आज मोडली. बघून घेतील वर गेल्यावर."

काका हसले, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली. दोघेजण एकाच दाराच्या दोन बाजूंना, दुसरा आपल्याला आत घेणार नाही असं समजून, जन्मभर उभे राहिले होते. दार उघडंच होतं.

"अजून एक म्हणायचे बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पोचल्यावर डोळे उघडलेत आणि पहिलं वाक्य काय बोललात, आठवतं?"

"नाही."

"म्हणालात, 'अरे, तू इथे आहेस होय.' बाजारात गाठ पडावी तसं. आणि सदरा काढून फाडायला लागलात. बाबा म्हणायचे, वरून गोळे पडतायत आणि हा माझ्याकडे बघून असा खूश झालाय की मला वाटलं, मुद्दामच शोधत आला."

काकांनी नाक पुसलं. त्यांना ते वाक्य खरंच आठवत नव्हतं. सदरा आठवत होता. नवा होता.

तेवढ्यात दिग्दर्शक कॅमेरावाल्याला घेऊन आला. पाठोपाठ नट, काजळीवर घामाचे ओघळ.

"काका, उजेड छान आहे. तेवढं वाक्य उरकून घेऊ? 'मी परत गेलो, कारण...'"

"मी परत गेलो नव्हतो," काका म्हणाले. "शेपटी धरली होती. त्याने डबा वाजवला, मावशी वळली, मी तिच्या मागे गेलो. हे घ्यायचं तर घ्या."

दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. "किती हो हा तुमचा नम्र..."

"नम्रपणा नाहीये तो, सर," नट मधेच म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा तो गडबडला, पण मागे हटला नाही. "मी आत्ता करून आलोय ते. वाट चढतेय की उतरतेय तेच कळेनासं होतं. सोडावीशी वाटते. सोडता येत नाही. वीरबीर काही नसतो आपण. नुसतं कुणीतरी नेत असतं." तो काकांकडे वळला. "इतके दिवस मी विचारत होतो, मनात काय होतं, आणि तुम्ही खरंच उत्तर देत होतात."

इतक्या वर्षांत काकांचं म्हणणं खरं आहे असं चारचौघांत सांगणारा तो पहिला माणूस. काकांनी त्याचा काळा हात दोन्ही हातांत धरला.

दिग्दर्शकाने हातातल्या कागदांची चळत दोनदा चाळली, मग ती बगलेत मारली. हे त्याच्या सिनेमात कुठे बसत नव्हतं. तो उतारावर एक फेरी मारून आला आणि उंट्याच्या लेकीला म्हणाला, "तो डबा पुन्हा वाजवाल? या वेळी खरा टेक घेऊ. लगाम नको. ठोके मला स्वच्छ ऐकू यायला हवेत, म्हणून पंखा बंद ठेवतो. धूर आहे तेवढा पुरे."

"खेचर ऐकेल ते माझंच. बाबांचं काम करणाऱ्या तुमच्या नटाला नाही जमायचं."

"मग तुम्हीच पडा खडकामागे."

ती डबा घेऊन वर गेली आणि दिसेनाशी झाली. काकांना खाली खुर्ची दिली होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि उभे राहिले. धूर उतरला. खेचर निघालं, नट डोळे मिटून मागे. पंखा बंद होता आणि टेकडीवर एवढी शांतता होती की खुरांखालचे खडे मोजता आले असते.

आणि मग वरून आवाज आला. ठक ठक. थांबून, ठक.

किती साधा आवाज. घरात कुणी डब्यातलं पीठ सारखं करावं तसा. त्या दुपारी काकांचे कान गेलेले होते. उंट्याने हाक मारली होती आणि ती फक्त मावशीने ऐकली होती. आज ती त्यांच्यापर्यंत पोचत होती. ठक ठक. ठक.

धुरात खेचर वळलं. कॅमेरा त्याच्यावर होता, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, त्यामुळे काका चालायला लागलेले आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. गुडघे कुरकुरत होते. धरायला काही नव्हतं. ते धुरात शिरले तेव्हा एक मदतनीस त्यांना अडवायला धावला आणि दिग्दर्शकाने त्याचा हात धरून ठेवला.

खेचर केव्हाच खडकाशी पोचलं होतं. नट बाजूला बसून धापा टाकत होता. पण कुणी 'कट' म्हटलं नव्हतं, म्हणून उंट्याची लेक अजून वाजवतच होती, जमिनीवर आडवी पडून, बापासारखी लांब मान दगडाला टेकून. धुरातून कुणीतरी येतंय असं दिसलं तसा तिचा हात थांबला.

काका तिच्यापाशी येऊन वाकले. दम लागला होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डब्याकडे बघत, जसं काही कोपऱ्यावरून कुणी एकदाचं दारात आलं होतं, तसं म्हणाले,

"अरे, तू इथे आहेस होय."

तो टेक वाया गेला. तो पुन्हा घ्यावा लागला, आणि त्यासाठी काकांना शेवटी खुर्चीत बसवून ठेवावं लागलं. उंट्याची लेक त्यांच्या मागे उभी होती, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, न जाणो पुन्हा निघाले तर म्हणून.